मे महिन्यात घरच्या शिवारात एक रात्र: तंबू, चूल आणि वळवाचा हिशोब

सुट्टीत पाहुण्यांची पोरं जमली की "तंबू टाकून राहूया" हा विषय निघतोच, आणि लगेच कुणीतरी मोबाईलवर कुठल्यातरी रिसॉर्टचे दर दाखवायला लागतं. त्याची काही गरज नाही. खानापूर-जांबोटी असो, बेळगावच्या पश्चिमेकडची गावं असोत नाहीतर निपाणी-चिकोडीचा पट्टा, कुठंतरी मामाचं, आत्याचं नाहीतर चुलत्याचं दोन-चार एकर रान असतंच. आठ माणसांना एक रात्र काढायला तेवढं भरपूर झालं. खालचा सगळा हिशोब पाच मोठी माणसं आणि तीन पोरं असा धरला आहे. मुक्काम एकच रात्र ठेवा. दुसऱ्या रात्री पाणी, लाकडं आणि मोठ्यांचा उत्साह हे तिन्ही एकदमच संपतात.

तारीख

इकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. कोल्हापूर-पुण्याकडच्या पोरांना जूनच्या मध्यापर्यंत मोकळीक असते. दोन्हीकडची पोरं एकत्र सापडतात ती मे महिन्यात. त्यातला शेवटचा आठवडा मात्र धरू नका. भाताची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी तोंडावर आलेली असते, रान कुळवून ठेवलेलं असतं आणि त्यात खुंट्या ठोकलेल्या कुठल्याच मामाला खपत नाहीत. कॅलेंडरवर अमावस्या बघा आणि तिच्या आगेमागे दोन-तीन दिवसांतली तारीख ठरवा. चांदणं बघायचं तर चंद्र नको.

जागा

जंगलात जाऊन राहायचं खूळ डोक्यातून काढा. भीमगडला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालाय, तिथं आणि आसपासच्या राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. शिवाय खानापूर तालुक्यात अस्वल आणि गवा या नुसत्या ऐकायच्या गोष्टी नाहीत. मे महिन्यात फणस, जांभूळ, काजूची बोंडं पिकलेली असतात आणि अस्वलाला ती माणसाइतकीच आवडतात. म्हणून जंगलाला लागून असलेल्या रानात, पिकल्या फणसाखाली किंवा काजूच्या बागेत झोपायचं नाही. गावाजवळचं, वस्तीच्या हाकेच्या अंतरावरचं रान निवडा.

नदीकाठाचंही तसंच. मलप्रभेचं किंवा मार्कंडेयचं कोरडं पात्र दिवसा फिरायला छान, पण पात्रातल्या वाळूत तंबू टाकायचा नाही. वर कणकुंबीकडं वळीव झोडपला तर खाली ढगाचा मागमूस नसताना पाणी चढू शकतं. घटप्रभेच्या काठी तर हिडकल धरणातून उन्हाळ्यातही पिण्यासाठी पाणी सोडतात. असोगा नाहीतर हब्बनहट्टीला जायचं तर सकाळी जाऊन देवदर्शन करून या, मुक्कामाला रानातच.

रानात जागा निवडताना माती बघा, कारण खुंटी धरणार की नाही हे तीच ठरवते. निपाणी-चिकोडीकडच्या आणि बेळगावच्या मसूर-हरभऱ्याच्या काळ्या रानाला मे महिन्यात हाताएवढ्या भेगा पडतात. भेगेजवळ मारलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात उपटते, आणि भेगांत विंचू असतात. वळीव पडला की हीच माती चपलेला दोन-दोन किलो चिकटते. अशा ठिकाणी बांधावरची किंवा गाडीवाटेची घट्ट झालेली पट्टी घ्या. तांबड्या मातीत उलट अडचण: उन्हानं ती इतकी कडक होते की दुकानातल्या तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाकून जातात. ठोकायच्या जागी तासभर आधी तांब्या-तांब्या पाणी ओता आणि 10 मिलिमीटर सळीचे नऊ इंची तुकडे वापरा. जांबोटी-कणकुंबीकडं जांभा वर आलेला असतो, तिथं खुंटीचा नादच सोडा. खताची रिकामी पोती निम्मी मातीनं भरून दोर त्यांना बांधा.

झाडाखाली तंबू नको, हे पोरांना पटवणं सगळ्यात अवघड. आंब्याखाली दिवसभर बसा, खेळा, झोपा. रात्री तिथून पन्नास-साठ फूट लांब या. वळवाच्या वाऱ्यात आधी वाळक्या फांद्या पडतात, मग आंबे, आणि तांबडे मुंगळे तर वारा नसतानाही पडतात. नारळाचं सांगायलाच नको.

तंबू

दुकानातला "चार माणसांचा" तंबू म्हणजे तीन मोठी माणसं आणि त्यांच्या पिशव्या. आठ जणांना असे तीन लागतात. त्यापेक्षा रानातलीच ताडपत्री बरी. 18 बाय 12 फुटांची, 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) किंवा त्याहून जाड घ्या. पातळ निळी प्लास्टिकची वाऱ्यात रात्रभर फडफडते आणि सकाळपर्यंत कडेला चिरते.

चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, साडेसात फुटी दोन काठ्या मेढी म्हणून घ्या आणि एक साडेबारा फुटी काठी आढं म्हणून. दोन्ही मेढी 12 फूट अंतरावर दीड फूट खोल गाडा, म्हणजे वर सहा फूट राहतील. आढं वर ठेवून सुंभानं किंवा नायलॉनच्या दोरीनं काटकोनात सात-आठ वेढे मारून आवळा. ताडपत्री अशी टाका की 12 फुटांची बाजू आढ्यावर येईल आणि दोन्हीकडं नऊ-नऊ फूट उतरेल. कडा जमिनीपर्यंत ताणल्या की आत साधारण तेरा फूट रुंदी मिळते. बाजूच्या चार-चार माणसांची डोकी मध्ये आढ्याकडं आणि पाय कडेला, असं झोपलं की आठ जण आरामात मावतात.

मेढीच्या शेंड्यापासून दोन ताण काढा, इंग्रजी व्हीसारखे फाकवून, आणि मेढीच्या बुडापासून नऊ फुटांवर खुंटीला बांधा. असे दोन्ही टोकांना मिळून चार ताण, प्रत्येकी 14 फूट दोर. कडेला दर तीन फुटांवर एक खुंटी म्हटलं तर प्रत्येक बाजूला पाच. एकूण 14 खुंट्या लागतात, 18 न्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. सरळ उभी ठोकलेली खुंटी ताण आला की निसटते आणि तंबूच्या बाजूला कललेली तर हातानंही निघते.

ताडपत्रीची कडी फाटणं हा नेहमीचा प्रकार. कडी गेली तर त्याच जागी आतून लिंबाएवढा गोटा ठेवा, वरून कापड गुंडाळा आणि गोट्याच्या मानेला दोरी बांधा. हा गोटा मूळ कडीपेक्षा जास्त ताण घेतो, त्यामुळं कोपऱ्यांना पहिल्यापासूनच असं केलेलं बरं.

तोंड कुठल्या दिशेला? आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी मावळतीचं गार वारं सुटतं, दिवसा पारा पस्तिशी गाठत असला तरी रात्र सुसह्य होते ती याच वाऱ्यानं. तंबूचं आढं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे वारा आतून खेळेल. पश्चिमेच्या तोंडावर जुनी साडी किंवा चादर अशी लावा की हवी तेव्हा सोडता येईल. चूल मात्र तंबूच्या पूर्वेला, नाहीतर धूर आणि ठिणग्या थेट अंथरुणावर.

खाली आणखी एक ताडपत्री अंथरा, पण तिची कड वरच्या छपराच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावली की छपरावरून उतरलेलं पाणी ती गोळा करून आत आणते आणि लोक म्हणतात तंबू गळतो. उताराच्या वरच्या अंगाला चार इंच खोल चर मारा आणि तिचं तोंड खालच्या बाजूला काढून द्या. खालच्या ताडपत्रीवर सहा इंच पिंजर (भाताचा पेंढा) पसरा, दाबून तीनेक इंच होईल. पिंजर गंजीच्या वरच्या थरातली, उन्हात झटकून घेतलेली हवी. बुडाची घेतली तर उंदीर, विंचू आणि बुरशी सगळं घरचंच मिळतं. वर सतरंजी. पहाटे चारच्या सुमाराला पारा विशीपर्यंत येतो, वर वारा. संध्याकाळी "उकडतंय" म्हणून पांघरूण नाकारणारी पोरंच तेव्हा आईचं घोंगडं ओढतात. माणशी एक चादर आणि वर तीन-चार घोंगडी असू द्या.

वळीव आला तर

वळीव येणार असं धरूनच चाला. दुपारी तीननंतर ढगाला काळपट बूड आलं आणि वरचा भाग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत गेला तर आवराआवर सुरू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाईलवर घालून ठेवा, आसपास पडणाऱ्या विजा त्यात दिसतात. रेंज नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीननं भागा, तितकी किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की तंबू सोडायचा. ताडपत्री, चिव्याची मेढ, एकटं झाड, चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड, यातलं काहीही विजेपासून वाचवत नाही. बंद काचांची गाडी वाचवते, किंवा पक्कं घर. पाण्याच्या मोटारची सिमेंटची खोली चालेल, पण स्टार्टर आणि वायरींपासून लांब उभं राहायचं. आठ जणांना एक छोटी गाडी पुरत नाही हे ऐनवेळी कळून उपयोग नाही. तेव्हा दोन गाड्या, किंवा पाच मिनिटांत गाठता येईल असं घर, एवढं आधीच ठरवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं असतील तर आढं खाली घ्या. ताण सोडा, मेढी आडव्या करा, ताडपत्री अंथरुणावर पसरून कडेला दगड ठेवा. पावसाआधीचं वारं उभ्या तंबूची चिंधी करतं, आडव्याला काही होत नाही आणि पिंजर कोरडी राहते. पाऊस उघडला की वीस मिनिटांत पुन्हा उभा.

पाणी आणि संडासची सोय

माणशी वीस लिटर धरा. 200 लिटरचं एक बॅरल वापरायला आणि 20 लिटरचे दोन कॅन पिण्याला. बोर आहे म्हणून निर्धास्त राहू नका: थ्री फेज करंट दिवसातले काही तासच असतो आणि त्याची पाळी बदलत राहते. रानाच्या मालकाला विचारून बॅरल आधीच भरून घ्या.

संडाससाठी विहिरीपासून निदान शंभर पावलं लांब, उताराच्या खालच्या बाजूला एक फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. चार काठ्या, जुनी साडी, बाजूला मातीचा ढीग आणि नारळाची करवंटी. प्रत्येकानं दोन करवंट्या माती टाकायची, बस्स.

विहिरीत पोहणार असाल तर पाण्यात एक पोहणारा मोठा माणूस आणि काठावर कासरा हातात धरून दुसरा. काठावरच्यानं मोबाईल बघायचा नाही. शिकाऊ पोराच्या पाठीला झाकण घट्ट लावलेले पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बांधा, गाठ पोटावर न येता छातीवर यायला हवी. पोटावर बांधले की पोर पाण्यात डोकं खाली करतं.

चूल

तीन दगडांची चूल मे महिन्याच्या वाऱ्यात अर्धी धग बाहेर फेकते. त्याऐवजी वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे पूर्व-पश्चिम, एक फूट रुंद, नऊ इंच खोल, तीन फूट लांब चर खणा. पश्चिमेचं तोंड उतरतं ठेवा, लाकूड तिथून घालायचं. वर भांडं टेकायला दोन सळ्या. नदीतले दगड वापरू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. भोवतालचं दहा फुटांतलं वाळकं गवत खरवडून काढा आणि दोन बादल्या पाणी हाताशी ठेवा. शेजारी उसाचा पाला पसरलेला असेल तर जागाच बदला. रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता यांना मिळून पंधरा किलो वाळकं लाकूड आणि दहा-बारा शेणी लागतात. कण्हेरीची काटकी जळणात नको आणि भाजायला काठी म्हणून तर मुळीच नको, ती विषारी आहे. बिब्ब्याचं लाकूडही टाळा, धुरानं अंग सुजतं.

जेवणात हौस करायची ती एकाच पदार्थाची. मसूरची आमटी (400 ग्रॅम अख्खी मसूर) आणि एक किलो तांदळाचा भात चुलीवर. भाकरी थापत बसू नका, बाजारात कडक भाकरी मिळतात, माणशी दोन-तीन घ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. सकाळी चिरमुरे भिजवून फोडणीला टाकले की दहा मिनिटांत नाश्ता. वांगी आणि बटाटे जाळात नाही, आरात (निखाऱ्यांत) घाला. जाळात साल करपते आणि आत कच्चं राहतं. बटाटा आरात पुरून वर राख ओढली की मुठीएवढ्याला किती वेळ लागेल याचा अंदाज न बांधता काडी टोचून बघा, ती आरपार गेली की झालं.

दुपारसाठी आंबील हवीच. 120 ग्रॅम नाचणीचं पीठ आधी पावशेर गार पाण्यात कालवा, मग एक लिटर उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळत दहा मिनिटं शिजवा. पीठ थेट उकळीत टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या कितीही घोटल्या तरी जात नाहीत. पूर्ण गार झाल्यावर पाऊण लिटर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. कोमट असताना ताक घातलं तर फाटतं. आठ पेले होतात.

काजूपट्ट्यात असाल तर बिया भाजायचा कार्यक्रम होणारच, म्हणून नीट करा. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्यानं कातडी भाजते आणि फोड येतात, धुरानं डोळे चुरचुरतात. दोन-तीन दिवस उन्हात वाळवलेल्या बिया घ्या. जुन्या पत्र्याच्या डब्याचं बूड खिळ्यानं बोटभर अंतरावर भोकं पाडून सपाट करा, त्यावर बियांचा एकच थर. चार फुटी काठीनं हलवत राहा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. थोड्या वेळानं टरफलातून तेल सुटून सूं-सूं आवाज येतो, ठिणग्या उडतात आणि बिया स्वतःच पेट घेतात. सगळ्या काळ्या होऊन पेटल्या की डबा लगेच मातीत उपडा करा आणि वरून माती ओढून विझवा. लवकर काढल्या तर तेल राहून बोटं काळी-चिकट होतात, उशीर केला तर आतला गर कडू कोळसा. फोडणाऱ्यानं हाताला आधी राख चोळावी. भाजताना पोरं दहा फूट लांब, फोडायला मात्र सगळ्यांना बसवा. पोरांचा एक तास त्यात जातो आणि मोठ्यांना चहा शांतपणे पिता येतो.

रात्र

मच्छरदाणी आढ्याला टांगा आणि तिच्या कडा सगळीकडून सतरंजीखाली खोचा. हे डासांपेक्षा मण्यारसाठी जास्त महत्त्वाचं आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं कळतही नाही इतकं कमी दुखतं. पहाटे कुणाचं पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, गिळता येत नाही असं झालं तर अपचन समजून बसू नका. सर्पदंश कुठलाही असो: चावलेला भाग काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, दोरीनं आवळणं, कापणं, चोखणं यातलं काही नाही, 108 ला फोन आणि दवाखाना. सापावरची लस जवळ कुठं मिळते हे दिवसाच विचारून ठेवा. विंचू चावलेल्या पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तरी तसंच धावायचं. चपला उलट्या करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आणि तंबूबाहेर प्रत्येकाच्या हातात बॅटरी.

पांढरा दिवा तंबूत लावू नका. वळवानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती इतकी जमते की ताटातली आमटी ओळखू येत नाही. पिवळा बल्ब वीस फुटांवर काठीला टांगा. उरलेलं अन्न झाकून दोरीला टांगा, कुत्री आणि उंदीर त्याचीच वाट बघत असतात.

साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा आणि तिच्यावर आणखी अर्धी मूठ: तिथं चार ताऱ्यांचा छोटा पतंग उभा दिसतो, तो त्रिशंकू. डावीकडचे दोन ठळक तारे, मित्र आणि मित्रक, त्याच्याकडं बोट दाखवतात. दिल्लीकडच्या पोरांना हा बघायला मिळत नाही, हे सांगितलं की आपली पोरं दुप्पट लक्ष देतात. दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे आडवे नकोत. मग उत्तरेला वळून सप्तर्षी, त्यांच्या शेपटीच्या वळणानं पुढं स्वाती, आणि तसंच पुढं चित्रा. यापुढं पोरं ऐकत नाहीत, भुताच्या गोष्टी मागतात. त्या आजीकडं सोपवा.

आवरताना

चुलीत पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता आणि हात लावून बघा. नुसती माती ओढलेला आर मे महिन्याच्या वाऱ्यात दुपारपर्यंत जिवंत राहतो आणि बांधावरचं गवत धरतो. चर आणि खड्डे बुजवा, पिंजर गंजीला परत लावा, खुंट्या मोजा. एक जरी सळी रानात राहिली तरी ती पेरणीत बैलाच्या नाहीतर माणसाच्या पायात जाते, ट्रॅक्टरचं टायरही सोडत नाही. ताडपत्री घरी नेल्यावर गच्चीवर दोन्ही अंगांनी वाळवा आणि मगच घडी घाला. दमट घडीत आठवड्यात काळे डाग पडतात, आणि जूनमध्ये तीच लाकडांवर टाकायला लागणार असते.